बोटभर पट्टी

३ जानेवारी

काचवाल्याने दर वर्षीसारखी डायरी दिली. इतकी वर्षं तिच्यावर चहाचा कप ठेवत आलो. यंदा मात्र लिहिणार आहे, कारण यंदा मी नुसता फ्रेमवाला राहिलेलो नाही. आज सकाळी दुकानावर नवी पाटी चढली: ‘चित्रांचे मूल्यांकन, दुरुस्ती व फ्रेमिंग. तज्ज्ञ सल्ला मिळेल.’ तज्ज्ञ म्हणजे मी.

आमची ही रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली आणि तिथून पाटी बघून आली.

“मूल्यांकन कोण करणार?”

“मी.”

“आणि दुरुस्ती?”

“दुरुस्ती आपण करतोच की इतकी वर्षं.”

“आपण,” ही म्हणाली आणि आत कामाला गेली. हिचं हे असंच. आपण सरळ बोलावं आणि हिने त्यातला एक शब्द खड्यासारखा निवडून बाजूला ठेवावा.

दरपत्रकही लावलं. फ्रेम लांबीप्रमाणे, दुरुस्ती कामाप्रमाणे. चित्र नुसतं बघणं मोफत, मत देणं दोनशे, लेखी मत पाचशे, शिक्क्यासह साडेसातशे. शिक्का करायला टाकला आहे.

११ जानेवारी

पहिलं मूल्यांकन! एक गृहस्थ धबधब्याचं चित्र घेऊन आले. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, अस्सल, हाताने काढलेलं, वगैरे. मी भिंग लावलं. छापील. तसं सांगितलं आणि दोनशे मागितले.

“कवडीमोलाचं आहे हे ऐकायचे दोनशे?”

“मौल्यवान निघालं असतं तरी दोनशेच घेतले असते,” मी म्हणालो. माणसाने तत्त्वाने राहावं.

गृहस्थ तणतणत आत हिच्याकडे गेले. ही म्हणाली, “सासऱ्यांनी दिलंय ना? मग जेवणाच्या टेबलासमोर लावा. छान दिसेल.” एक पैसा न घेता. त्यांनी लगेच चांगल्यातली फ्रेम करायला टाकली. धंद्याचं नुकसान झालं नाही, पण तज्ज्ञाचं झालं.

१७ जानेवारी

आज दुकानात हेडबाई आल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सहावीत यांनी मला पूर्ण एक तास बाकावर उभं केलं होतं. आजही त्या आत आल्या आणि माझे हात आपोआप खिशातून बाहेर आले.

उशीच्या अभ्र्यात गुंडाळून एक चित्र आणलं होतं. जाड पुठ्ठ्यावर तैलरंग. खिडकीशी बसून सदरा शिवणारी बाई. इतकं काळवंडलेलं की बाई खिडकीशी बसलीय का कोळशाच्या खाणीत, कळत नाही. त्यांच्या मावशीच्या घरातलं. मावशीच्या कुणा मैत्रिणीने काढलेलं म्हणे.

“मला हे संग्रहालयाला द्यायचंय,” बाई म्हणाल्या. “माझ्यामागे भाचे ते माळ्यावर टाकतील. स्वच्छ करा, फ्रेम करा, आणि किंमत कागदावर लिहून द्या.”

म्हणजे तिन्ही सेवा एकाच गिऱ्हाइकाकडून! पाटीचे पैसे वसूल.

१८ जानेवारी

फ्रेम लगेच ठरवली. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी लग्नाच्या फोटोसाठी सोनेरी फ्रेम करून घेतली आणि मग लग्नच मोडलं. तेव्हापासून ती भिंतीला टेकून पडली होती. रुंदीला चित्र अचूक बसलं. उंचीला बोटभर जास्त होतं.

ही म्हणाली, “अहो, आधी मला साफ तर करू द्या.”

“तळाला नुसता चिखल आहे. चिखल साफ केला की आणखी चिखल निघेल.”

“पण गिऱ्हाइकाचं आहे ते.”

“गिऱ्हाइकाला फ्रेम आवडली म्हणजे झालं.”

पट्टी लावून कटरने एका दमात कापलं. कापणं असं की रंधा मारल्यासारखी कड. या कामात माझा हात धरणारा कुणी नाही. हिने खाली पडलेला तुकडा उचलून एप्रनच्या खिशात टाकला. हिला कात्रणं जमवायचा नाद आहे. कुणाला कशाचा असतो.

२७ जानेवारी

ही दहा दिवस त्या चित्रावर वाकून बसली आहे. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेला लावायचा आणि चित्रावर हलकेच फिरवायचा. थुंकी! म्हणे याहून सौम्य काही नाही, मोठमोठ्या ठिकाणीही असंच करतात. असेल. दरपत्रकावर लिहिता येणार नाही एवढं खरं. कापसाचे काळे बोळे इतके निघाले की डबा भरला. आणि प्रत्येक दिवशी काय केलं, कशाने केलं, ते वहीत लिहून ठेवते. लग्नाआधी हिने चित्रकलेची दोन वर्षं केली होती. तिसरं वर्ष माझ्याशी लग्न करण्यात गेलं.

आज खिडकी उजळली. सदरा निळा निघाला. आणि गंमत म्हणजे ती शिवणारी बाई शांत वगैरे काही नाही. भुवया आखडलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. चांगलीच वैतागलेली आहे.

“इतकी वर्षं सगळ्यांना ती समाधानी वाटत असेल,” ही म्हणाली. “नुसती काजळी होती.”

मला हसू आलं. हिला आलं नाही.

२ फेब्रुवारी

मोठा दिवस. संग्रहालयाच्या दुरुस्ती विभागाच्या बाई आल्या. एका जुन्या फ्रेमचा कोपरा उडाला होता. मी कोपरा बघत होतो आणि त्या हिच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या, त्या राहिल्याच. शिवणाऱ्या बाईच्या कोपरावरचा रंग उडाला होता, तो भाग हिने केसाएवढ्या बारीक रेघांनी भरला आहे. लांबून दिसत नाही, जवळून दिसतो.

“रेघा का?” त्यांनी विचारलं.

मी पुढे झालो. “आमची खास पद्धत आहे ती.”

“उद्या कुणाला कळायला हवं ना,” ही खाली बघत म्हणाली, “की मूळचं कुठलं आणि माझं कुठलं.”

मग त्यांनी आणखी सतरा प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरं मी दिली. मधून मधून ही काहीतरी पुटपुटायची आणि बाई ते लिहून घ्यायच्या. निघताना म्हणाल्या, “आमच्याकडे एक जागा निघाली आहे. या महिन्यात अर्ज पाठवा,” आणि छापील अर्ज काउंटरवर ठेवला. बोलताना नजर माझ्या खांद्यावरून मागे होती. मोठ्या लोकांना तोंडावर कौतुक करायला अवघड जातं.

तज्ज्ञ म्हणून पाटी लावून महिना झाला नाही आणि संग्रहालयाची नोकरी चालून आली!

६ फेब्रुवारी

माझं अक्षर कोंबडीचे पाय, म्हणून अर्ज हिला भरायला सांगितला.

“खरंच भरू?” हिने विचारलं. दोनदा विचारलं.

“भर की. कामाचे फोटोही लाव. अनुभवाच्या रकान्यात हात आखडता घेऊ नकोस.”

दोन संध्याकाळी बसून भरला. जाड पाकीट झालं. मी स्वतः तिकिटं चिकटवून टपालात टाकून आलो. ही दारात उभी राहून बघत होती. चेहरा असा की मी पाकीट नाही, पोटचं पोर गाडीत बसवून आलो.

२० फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही.

संग्रहालयाला माझा शिक्का चालत नाही. बाहेरच्या मूल्यांकनकाराचाच कागद लागतो. तेव्हा हेडबाईंनी भिंगवाले बोलावले. ठेंगणे गृहस्थ, गळ्यात भिंग. तासावर पैसे घेतात. दहा मिनिटं बघणार, पन्नास मिनिटं लिहिणार, आणि तासाचे पैसे माझ्या आठवड्याच्या गल्ल्याएवढे. मी विचारलं, “किमतीच्या टक्क्यांवर का घेत नाही?”

“मग मला प्रत्येक चित्र आवडायला लागेल,” ते म्हणाले.

चित्र बघून त्यांनी एका चित्रकर्तीचं नाव घेतलं. तिची फार थोडी चित्रं उरली आहेत म्हणे. हेडबाईंचा चेहरा खुलला. मग भिंगवाल्यांनी चित्र फ्रेममधून काढायला लावलं, तळाच्या कडेवर भिंग धरलं, आणि तिथेच थांबले.

“ही बाई नेहमी खाली उजवीकडे सही करायची. इथे सही नाही. खालून कापलंय. कड ताजी आहे.”

“सही असती तर?”

“चांगल्या मोटारीएवढी किंमत. आता सायकलीएवढी.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे भिंगवाले आणि हेडबाई. ही काडीला कापूस गुंडाळत होती.

“आणलं तेव्हा असंच होतं,” मी म्हणालो.

हेडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. भिंगवाल्यांनी तासाचे पैसे घेतले.

२१ फेब्रुवारी

सकाळी मी टेबलाखाली, कपाटामागे, झाडूच्या डब्यात, सगळीकडे गुडघ्यावर रांगून चित्राची कापलेली पट्टी शोधत होतो; हिला विचारायला तोंड नव्हतं. ही आली, वरच्या फळीवरून बिस्किटांचे पाच डबे उतरवले आणि समोर ठेवले. आत पाकिटं. प्रत्येकावर तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव. मी बावीस वर्षांत गिऱ्हाइकांच्या चित्रांचे, फोटोंचे, सर्टिफिकिटांचे जेवढे तुकडे कापून टाकले, ते सगळे!

“हे कशाला ठेवलंस?”

“दुसऱ्याच्या वस्तूचा तुकडा आहे. टाकणार कसा?”

शेवटच्या डब्यात ती पट्टी होती. साफ केलेली. चिखल कसला, लालसर फरशी होती. फरशीवर दोऱ्याचं रीळ घरंगळलेलं, आणि रिळाशेजारी तांबड्या रंगात सही. साल सुद्धा.

पट्टी हातात घेऊन मी तिथेच बसलो. हिला म्हणालो, तू देवी आहेस. ही म्हणाली, “चहा टाका.”

२३ फेब्रुवारी

जोड इतका बेमालूम होईल की भिंगवाल्यांच्या आजोबांनाही सापडणार नाही, असं मला वाटलं होतं. ही तसा करायला तयार नाही. जोडणार, पण पुन्हा सोडवता येईल अशा गोंदाने, आणि रंग त्याच बारीक रेघांनी. वर अहवाल लिहिणार. त्यात वाक्य असं: ‘फ्रेममध्ये बसवण्यासाठी तळाची बोटभर पट्टी दुकानात कापली. तीच पट्टी पुन्हा जोडली आहे.’

“हे कशाला लिहायचं? पट्टी माळ्यावर सापडली असं सांगू.”

“कोणाच्या माळ्यावर?”

“हेडबाईंच्या.”

“मग त्यांनाही खोटं बोलायला शिकवणार का?”

माझा पारा चढला. म्हणालो, हे वाक्य लिहिलंस तर उद्यापासून या दुकानात कुणी फाटकं कॅलेंडरही आणणार नाही. माझ्या बापाचं दुकान आहे. ही म्हणाली, “अहवालाखाली माझी सही असते. आतापर्यंत कुणी वाचला नाही, म्हणून काही खोटं लिहिलेलं नाही.”

दिवसभर घरात फक्त प्रेशर कुकर बोलला.

२४ फेब्रुवारी

संग्रहालयाचं पत्र आलं. मुलाखत ४ मार्चला. सोबत पूर्ण केलेलं एक काम आणि त्याचा सहीचा अहवाल आणावा.

पत्र हिच्या नावाने आहे.

मला वाटलं टंकलेखनातली चूक. हिला दाखवलं. म्हणाली, “अर्ज माझ्याच नावाने भरला होता. दोनदा विचारलं होतं तुम्हाला.”

मुलीला फोन लावला. ती शिकायला दुसऱ्या गावी असते. म्हणालो, तुझ्या आईने काय केलं ऐकलंस का? सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला खरंच वाटत होतं की त्या तुम्हाला बोलावतायत?” मी फोन ठेवला.

तिकिटंसुद्धा मीच चिकटवली होती.

२७ फेब्रुवारी

तीन दिवस दुसऱ्या खोलीत झोपतो आहे. हिच्या लक्षात आलं की नाही देव जाणे.

आज ही बाजारात गेली असताना हिच्या वह्या काढल्या. चूक शोधायला काढल्या होत्या, खोटं कशाला लिहू. अकरा वह्या आहेत. पाण्याने फुगलेला फोटो, नऊ तास. फाटलेला नकाशा, एकतीस तास. कुणाच्या मेलेल्या कुत्र्याचं चित्र, सहा तास, ‘गिऱ्हाईक रडले’. तास बेरजेला घेतले आणि भिंगवाल्यांच्या दराने गुणले. शंभरदा तपासलं. दुकान, वरचं घर, गोदाम, सगळं विकूनही तेवढे येणार नाहीत. दरपत्रकावर मी ‘दुरुस्ती कामाप्रमाणे’ लिहिलं होतं. काम कुणाचं, ते मात्र कधी मनात आलं नाही.

आणि प्रत्येक अहवालात शेवटी एकच ओळ: ‘फ्रेम: यांनी केली. उत्तम.’ कापलेलं होतं तिथे कापल्याचंही लिहिलं आहे. पण उत्तम खोडलेलं नाही.

ही परत यायच्या आत वह्या जागेवर ठेवल्या. मला माझीच लाज वाटली.

१ मार्च

हेडबाईंच्या घरी गेलो. घरून निघताना पायजमा, चौकात आल्यावर परत जाऊन पँट घातली.

“बसा,” त्या म्हणाल्या.

“चूक सांगायची आहे.”

“मग उभे राहा.”

उभं राहून सगळं सांगितलं. सोनेरी फ्रेम, मोडलेलं लग्न, कटर, चिखल, आणि ‘आणलं तेव्हा असंच होतं’. त्या ऐकत राहिल्या. मग टेबलाच्या खणातून वही काढून पुढे सरकवली. त्यात चित्राची लांबी-रुंदी लिहिली होती. दुकानात आणण्याच्या आदल्या दिवशीची.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“पस्तीस वर्षं शाळेत होते मी.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“वाट बघत होते. सहावीत सुद्धा खिडकीची काच तूच फोडली होतीस. एक तास उभा राहिलास, पण कबूल केलं नाहीस.” मग म्हणाल्या, “आता बस.”

फ्रेमचे पैसे परत देऊ केले. घेतले नाहीत. म्हणाल्या, फ्रेम साधी लाकडी करून दे, ती सोनेरी फारच भडक होती. एवढंच मनाला लागलं.

घरी आलो. पट्टी जोडून तयार होती आणि अहवाल टेबलावर. ते वाक्य जिथल्या तिथे होतं. मी त्याच्याखाली ‘कापणारा’ असं लिहून सही केली. शिक्का मारणार होतो, पण शिक्क्यावर तज्ज्ञ लिहिलं आहे. राहू दिला.

हिने सही पाहिली. मग माझी उशी आपल्या खोलीत नेऊन ठेवली.

४ मार्च

चित्र मी धरून नेलं. मुलाखतीच्या वेळी बाहेर बाकावर बसलो. आतलं ऐकू येत होतं, दार जुनं आहे आणि मी दाराच्या बाजूला सरकून बसलो होतो.

एक पुरुषी आवाज म्हणाला, “ही कापाकापी कुणी केली?”

“आमच्या दुकानाकडून झाली,” ही म्हणाली.

“दुकान म्हणजे नेमकं कोण?”

“आम्ही दोघं. कापताना मी शेजारीच होते. हात धरायला हवा होता.”

माझं नाव घेतलं नाही. खाली माझी सही असूनही. बाकावर बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी आलं. शिपाई म्हणाला, “साहेब, फार वेळ लागला का?” मी म्हणालो, बावीस वर्षं.

१५ मार्च

झाली नेमणूक! १ एप्रिलपासून. पगार माझ्या गल्ल्यापेक्षा जास्त. मुलगी फोनवर किंचाळली. भिंगवाल्यांनी नवा कागद लिहून दिला, सायकलीची पुन्हा मोटार झाली, आणि त्यांनी पुन्हा तासाचे पैसे घेतले. हेडबाईंनी दिले. मी अर्धे द्यायला गेलो तर म्हणाल्या, “शिक्षा संपली आहे.”

आनंद झाला. आणि भीतीही वाटली, ती इथे लिहून ठेवतो. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ते टेबल रिकामं असणार. मी काही कापायला लागलो तर ‘अहो’ म्हणणारं कुणी नसणार.

१ एप्रिल

दरपत्रक नवीन केलं. मूल्यांकन: करत नाही, भिंगवाल्यांचा पत्ता मिळेल. दुरुस्ती: बंद, दुरुस्ती करणारी नोकरीला लागली. फ्रेमिंग: लांबीप्रमाणे, उत्तम.

नेमणुकीचं पत्र फ्रेम करायचं माझ्या मनात होतं. भिंतीला टेकलेली ती सोनेरी फ्रेम धरून बघितली. हसू आलं. उंचीला पत्र बोटभर जास्त. खाली सगळा कोरा कागदच होता, शपथेवर सांगतो. कटर हातात घेतलाही होता. मग खाली ठेवला आणि नवं लाकूड कापलं. चार कोपरे असे जोडले की नख जाणार नाही.

सकाळी ही तयार होऊन खाली आली तेव्हा हातात दिली.

“पत्र कुणी फ्रेममध्ये लावतं का? फाईलला लावायचं असतं ते,” ही म्हणाली. तरी उलटी केली, मागचे खिळे पकडीने उपसले, पत्र बाहेर काढलं आणि चारही कडा पट्टीने मोजल्या. एकदा नाही, दोनदा. मी उभा होतो, हात खिशाबाहेर.

मग तळाच्या कोऱ्या जागेवर बोट आडवं ठेवून म्हणाली, “आहे सगळं.”

फ्रेम माझ्या हातात दिली, खिळे परत ठोकून ठेवायला सांगितलं, आणि बस पकडायला गेली.